चाळीस वर्षं गॅरेजमध्ये उभी असलेली रोड रनर: रंगवायची की तशीच ठेवायची?

वाचकाचं पत्र: ‘आम्ही मिशिगनमध्ये स्टर्लिंग हाइट्सला राहतो. शेजारच्या आजोबांकडे १९६९ची प्लिमथ रोड रनर होती. ३८३चं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, त्यांनी स्वतः शोरूममधून नवी घेतलेली. नंबरप्लेटवरचं शेवटचं स्टिकर १९८४चं आहे. तेव्हापासून गाडी गॅरेजमध्येच. गेल्या वर्षी आजोबा गेले आणि आजींनी ती आम्हाला दिली. पैसे घेतले, पण बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी. हिरवा रंग विटलाय, मागच्या मडगार्डला खालून गंज आहे, आत उंदरांची घरटी आहेत. बॉडीशॉपवाला म्हणतो, पत्रा उघडा करून पूर्ण नवीन रंगवू. मेव्हणे म्हणतात, नवी बॅटरी टाकून आधी स्टार्ट तर मारू. मुलाला ती केशरी हवी आहे. मी सॉफ्टवेअरवाला, इंजिन ऑइल बदलण्यापलीकडे गाडीचं काही केलेलं नाही. कुठून सुरुवात करू?’

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, आणि थोडी घाईही वाटली. घाई एवढ्यासाठी की मेव्हण्यांनी बॅटरी आणायच्या आत हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचावं. त्यांना प्रेमाने थांबवा. बॉडीशॉपवाल्याला सध्या ‘कळवतो’ एवढंच सांगा. आणि आजींना त्रास होणार नसेल तर पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्याशी निवांत बोलून घ्या. गाडी कुठल्या डीलरकडून घेतली, कधी ठोकली गेली होती का, कुठला भाग बदलला, शेवटची सर्व्हिस कोणी केली, जुन्या पावत्या कुठे आहेत, असं सगळं. ही माहिती आज फक्त त्यांच्याकडे आहे.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधीच देतो: रंगवू नका. रोड रनर दुर्मीळ गाडी नाही. १९६९ सालच्याच ऐंशी हजारांहून जास्त विकल्या गेल्या, त्या वर्षी ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने तिला ‘कार ऑफ द इयर’ ठरवलं होतं. पूर्ण उघडून, रंगवून, चकचकीत केलेल्या रोड रनर प्रत्येक मेळाव्यात दिसतात. पण पहिल्या मालकाने नवी घेतलेली, कारखान्याचा रंग अंगावर असलेली, नट-स्क्रूही न बदललेली गाडी फार थोड्यांच्या वाट्याला येते. नवा रंग पुढच्या वर्षी देता येईल, वीस वर्षांनीही देता येईल. कारखान्यातला रंग एकदा घासला की संपला. जुन्या वाड्याच्या सागवानी खांबांना ऑइलपेंट फासलेला पाहून आपल्याला जे वाटतं, तेच जाणकारांना अशा गाडीवरचा नवा रंग पाहून वाटतं.

ही गाडी मुळात काय होती तेही लक्षात घ्या, म्हणजे कशाला हात लावायचा नाही हे कळेल. १९६८मध्ये प्लिमथने ती काढली ती खिशाला परवडणारी वेगवान गाडी म्हणून. सुरुवातीची किंमत २,८९६ डॉलर. कार्टूनमधल्या रोड रनर पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर दिले, पण आतल्या सजावटीवर काटकसर केली. साधं सलग सीट, मूळ मॉडेलला गालिच्याऐवजी रबरी मॅट. पैसा इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनवर लावला. ३८३ घनइंचांचं ते इंजिन ३३५ हॉर्सपॉवरचं. त्यामुळे तुमच्या गाडीत जे ओबडधोबड दिसेल, म्हणजे रंगाचे ओघळ, कोपऱ्यातला पातळ रंग, पत्र्याच्या जोडांवर बोटाने फासलेलं सीलंट, ते बहुतेक कारखान्याचंच काम असेल. बॉडीशॉपवाला नेमकं तेच ‘सुधारून’ देईल.

बॉनेट उघडा आणि हॉर्न शोधा. कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा ‘बीप बीप’ वाजणारा हा हॉर्न कारखान्यात फिकट जांभळा रंगवलेला असे आणि त्यावर ‘व्हॉइस ऑफ रोड रनर’ असं लिहिलेलं गोल स्टिकर असे. तुमच्या हॉर्नवर त्या स्टिकरचा अर्धा तुकडा जरी शिल्लक असला, कडा उचलल्या गेल्या असल्या, तरी त्याला कापडही लावू नका. नवं स्टिकर बाजारात मिळतं. पण १९६९मध्ये एका कामगाराने थोडं तिरकं चिकटवलेलं तेच स्टिकर पुन्हा मिळणार नाही. गाडीवर अशी ठिकाणं पुष्कळ सापडतील: फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, खडूने किंवा मेणखडूने ओढलेली तपासनिसाची खूण, मागच्या ॲक्सलवर रंगाचा ठिपका, रेडिएटरच्या चौकटीवर एखादा आकडा. थिनर लावलेल्या फडक्याचा एक फटकारा त्यांना पुरेसा आहे. म्हणून आधी कॅमेरा आणि नंतर फडकं, हा क्रम कधी मोडू नका. प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, उजेड बाजूने टाका म्हणजे पुसट खुणाही उठून दिसतात.

मग कागदपत्रं. डॅशबोर्डवर, ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली पट्टीवर गाडीचा नंबर आहे. तो ‘आरएम २३ एच ९’ असा सुरू होत असेल तर आरएम म्हणजे रोड रनर, २३ म्हणजे दोन दरवाजांची हार्डटॉप, एच म्हणजे ३८३ इंजिन आणि ९ म्हणजे १९६९. पुढचं अक्षर कारखान्याचं. ते ‘ए’ असेल तर गाडी डेट्रॉइटच्या लिंच रोड कारखान्यात, म्हणजे तुमच्या घरापासून थोड्याच अंतरावर तयार झाली. याच नंबरचे शेवटचे आकडे इंजिन आणि गिअरबॉक्सवर ठोकलेले सापडले तर ते गाडीबरोबर जन्मलेले भाग आहेत असं मानतात. ते शोधताना वायर ब्रश फिरवू नका. रॉकेल लावून मेण निघाल्यासारखी काजळी निघू द्या.

बॉनेटखाली डाव्या आतल्या मडगार्डला छोटी पत्र्याची पट्टी स्क्रूने बसवलेली असते, तिला फेंडर टॅग म्हणतात. गाडीचा रंग, सीटचं कापड, जोडलेल्या सोयी हे सगळं तिच्यावर संकेतांत कोरलेलं असतं. फोटो काढा आणि जागेवरच राहू द्या. तिचे स्क्रू कधीच फिरलेले नाहीत हाही एक पुरावा असतो.

याहून मोलाचा कागद म्हणजे ब्रॉडकास्ट शीट. असेंब्ली लाइनवर कुठल्या गाडीला काय बसवायचं ते सांगणारा तो छापील तक्ता. कामगार काम झाल्यावर तो मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, पुढच्या सीटखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या वर असा कुठेही कोंबून टाकत. तुमच्या गाडीत उंदीर आहेत, म्हणजे हा कागद धोक्यात आहे. मागच्या सीटची गादी सावकाश उचला, स्प्रिंगांत अडकलेलं काही दिसलं तर ओढू नका. आधी जागेवर फोटो, मग स्प्रिंगपासून अलगद सोडवून स्वच्छ पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. लॅमिनेशन करायचं नाही, तो कागद मग कधीच मोकळा होत नाही.

उंदरांबद्दल मात्र तुम्हाला जरा दटावूनच सांगतो, कारण इथे प्रश्न गाडीचा नाही, तुमच्या फुप्फुसांचा आहे. अमेरिकेत डीअर माउस जातीच्या उंदरांच्या लेंड्या आणि मुतातून हंता विषाणू पसरतो. कोरडी घरटी झाडली किंवा घरच्या व्हॅक्यूमने ओढली की धूळ हवेत उडते आणि ती श्वासात जाते. गॅरेजचं दार उघडून आधी हवा खेळू द्या. हातमोजे घाला, एन९५ मास्क लावा. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण घरट्यांवर फवारा, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदी रुमालाने उचलून पिशवीत बंद करा. सीटवर किंवा रंगावर ब्लीच उडू देऊ नका. तिथे बाजारात मिळणारं सौम्य जंतुनाशक वापरा. एअर क्लीनरचा डबा, हीटरची पेटी आणि सायलेन्सरचं तोंड आवर्जून बघा, उंदरांना ह्या जागा फार आवडतात. मुलाला या कामातून लांब ठेवा. ब्रेकमध्येही हीच सावधगिरी: त्या काळच्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असे, तेव्हा ड्रम उघडल्यावर कंप्रेसरची हवा मारायची नाही.

आता इंजिन. मेव्हण्यांचा उत्साह मला कळतो, पण चार दशकं उभ्या असलेल्या इंजिनाला स्टार्टर मारणं म्हणजे चालू असलेलं मोडणं. सिलिंडरच्या भिंतींवर गंजाचा पातळ थर असतो, पिस्टनच्या रिंगा त्याला चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह उघडा राहून जाम झालेला असतो. स्टार्टरला दयामाया नसते. रिंग तुटते नाहीतर पुशरॉड वाकते. तर असं करा. आठही स्पार्क प्लग काढा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. स्वस्तातला बोअरस्कोप, म्हणजे लवचीक नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा, फोनला जोडून आत डोकवा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ भेदक तेल सोडा आणि आठवडाभर गाडी विसरून जा. तेवढ्यात व्हॉल्व्ह कव्हर काढून बघा, रॉकर हलतात का, स्प्रिंगवर दाब दिला की व्हॉल्व्ह खाली-वर होतात का. मग क्रँकशाफ्टच्या पुढच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन हाताने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, किंचित हलवायचा प्रयत्न करा. अडलं तर जोर लावू नका. पुन्हा तेल, पुन्हा वाट. हाताने पूर्ण दोन फेरे मोकळे फिरले की निम्मी लढाई जिंकली.

सुरू करायच्या आधी इंजिनभर तेल पोचवायला हवं, कारण इतक्या वर्षांत बेअरिंगांवरचं तेल खाली निथळून गेलेलं असतं. जुनं तेल काढा, फिल्टर बदला. ३८३मध्ये ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरखालच्या (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाखालच्या) शाफ्टने फिरतो. डिस्ट्रिब्युटर आणि त्याखालचा गिअर काढून, षटकोनी सळई ड्रिलला लावून पंप उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरवतात आणि गेजवर दाब येईपर्यंत फिरवत राहतात. काढण्यापूर्वी रोटर आणि गिअर कुठल्या कोनात आहेत त्याचा फोटो हवाच. हे काम स्वतः करू नका. जुन्या क्रायसलर गाड्यांवर काम केलेला वयस्कर मेकॅनिक शोधा. डेट्रॉइटच्या परिसरात असे लोक अजून आहेत, आणि अशा गाडीचं नाव काढलं तर ते शनिवारी घरी येतात. त्याला पहिल्याच भेटीत सांगा की एकही जुना भाग टाकून द्यायचा नाही. इंजिनात तेल घालताना झिंक जास्त असलेलं घ्या. जुन्या पद्धतीच्या कॅमशाफ्टला आताच्या साध्या तेलात पुरेसं संरक्षण मिळत नाही.

पेट्रोलची टाकी उतरवावीच लागेल. जुन्या पेट्रोलचं आता उग्र वासाचं वार्निश झालेलं असणार, आणि ते कार्बोरेटरपर्यंत गेलं तर सगळं जाम करील. टाकी आतून स्वच्छ करून घेता येते. रबरी पाइप सगळे नवे घाला, इथेनॉलला टिकणारे. कार्बोरेटर बदलून नवा बसवू असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. त्याच्यावर नंबर असतो, तो गाडीचा भाग आहे. तोच उघडून साफ करून, नवी गॅस्केट टाकून परत बसवायचा.

क्रायसलरच्या या गाड्यांची आणखी एक दुखरी जागा म्हणजे वायरिंग. चार्जिंगचा सगळा करंट फायरवॉलवरच्या मोठ्या कनेक्टरमधून आणि डॅशबोर्डवरच्या अँमीटरमधून, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरमधून फिरून येतो. पन्नास वर्षांत तिथल्या जोडण्या सैल होतात, तापतात, वितळतात, आणि डॅशबोर्डमागून धूर निघालेल्या कितीतरी गाड्या आहेत. बॅटरी जोडायच्या आधी तो कनेक्टर उघडून पाहिलाच पाहिजे, उंदरांनी कुरतडलेली वायर शोधलीच पाहिजे. बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा. तो एका मिनिटात काढता येतो, म्हणून मला चालतो.

ब्रेकच्या बाबतीत जुनेपणाचं कौतुक बाजूला ठेवा. होज, सिलिंडर, ब्रेक ऑइल, लागल्या तर लोखंडी नळ्याही, सगळं भरवशाचं हवं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतात; होज बाहेरून धड दिसतात पण आतून फुगून बंद झालेले असतात. मूळ मास्टर सिलिंडर आत नवी नळी बसवून वाचवता येतो, त्याला खर्च येतो, करा. आणि चाकं काढताना एक लक्षात ठेवा: १९७०पर्यंतच्या क्रायसलर गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे न माहीत असलेला माणूस पाना नेहमीसारखा फिरवतो, नट सुटत नाही म्हणून आणखी जोर लावतो आणि स्टड तोडून बसतो.

टायर जुने असतील तर ते रस्त्यासाठी मेलेले आहेत, कितीही चांगले दिसोत. नव्या टायरांवर गाडी चालवा. पण मूळ टायर, बेल्ट, होज, क्लॅम्प, तारखेचे शिक्के असलेले स्पार्क प्लग, जे जे निघेल ते चिठ्ठी लावून, पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा. पुढेमागे कोणाला गाडी मूळ रूपात दाखवायची असेल तर ते परत बसवता येतील. मी प्रत्येक कामाला हीच कसोटी लावतो: हे परत फिरवता येईल का? येत असेल तर करा. येत नसेल तर त्याशिवाय कोणाच्या जिवाला धोका आहे का ते बघा.

धोक्याचाच मुद्दा आला म्हणून सांगतो. मिशिगनचं रस्त्यावरचं मीठ खूप वाईट, आणि या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब सळया, जिथे मागे अडकवलेल्या असतात तो आडवा भाग, मागच्या लीफ स्प्रिंगांच्या पुढच्या बैठका आणि सांगाड्याच्या लांब पट्ट्या, ह्या जागा लिफ्टवर चढवून हातोडीच्या दांड्याने ठोकून बघायला सांगा. तिथे पत्रा कुजून आत जात असेल तर वेल्डिंग करावंच लागेल. त्या वेळी गाडी मूळ राहावी म्हणून अडून बसू नका. फक्त तेवढाच भाग, आणि काय केलं त्याचे फोटो फाइलला. मागच्या मडगार्डखालचा गंज मात्र तसा नाही. तो दिसायला वाईट पण घातक नाही. तो घासू नका, त्यावर रासायनिक रस्ट कन्व्हर्टरही लावू नका, तो सगळं काळं करून टाकतो. आतली माती-पानं काढून कोरडं करा, पोकळीत लॅनोलिनचं संरक्षक तेल फवारा, बाहेरून त्याचा हलका हात. गंज तिथेच थांबेल.

रंग कसा जागवायचा ते सांगतो, मुलाला यात सामील करा. हा रंग एकाच थराचा आहे, वर आजच्या गाड्यांसारखं पारदर्शक आवरण नाही. वरचा विटका पापुद्रा म्हणजे सुकलेला रंगच. त्याला लगेच पॉलिशिंग मशीन लावलं तर कडांवरून रंग उडून खालचा प्रायमर दिसेल. आधी सौम्य साबण, भरपूर पाणी, हाताने. प्रेशर वॉशर नाही. जिथे पत्रा उघडा पडलाय तिथे पाणी रेंगाळू देऊ नका. मग मेग्वायर्सचं ‘नंबर ७’ ग्लेझ टेरीच्या मऊ कापडाने भरपूर चोळा आणि रात्रभर तसंच ठेवा. रंगाला तेल मिळतं, दुसऱ्या दिवशी पुसल्यावर हिरवा बराच खोल दिसू लागतो. कापडावर हिरवा उतरेल, घाबरू नका. आधी डिकीच्या झाकणाखालच्या एका वीतभर जागेवर करून बघा, मुलालाच करू द्या. तेवढा चौकोन आणि बाजूचा विटका भाग त्याने एकदा शेजारी-शेजारी पाहिले की केशरी रंगाचं काय करायचं ते त्यालाच विचारा.

सीटवर लगेच बसू नका. जुनं व्हिनाइल थंडीत काचेसारखं तडकतं, त्यामुळे हे काम उन्हाळ्यात ठेवा आणि शिवणी आधी तपासा. दमट वास जायला वेळ लागतो. गॅरेजमधली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असा डीह्युमिडिफायर चालवा, जमिनीवर गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरा म्हणजे काँक्रीटमधला ओलावा वर येत नाही. गाडीवर मात्र प्लास्टिक कधीच नको, हवा खेळणारं सुती कव्हर घ्या.

बॉडीशॉपवाल्याने सांगितलेल्या रकमेतला छोटा हिस्सा मेकॅनिकला, ब्रेकला आणि टाकीला द्या, तेवढ्यात गाडी रस्त्यावर येईल. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे चोरी किंवा अपघातात ‘जुनी गाडी’ म्हणून चिल्लर हातावर ठेवता येणार नाही. अशा गाड्यांना मानाची जागाही आहे: पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शीचा अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका मूळ अवस्थेतल्या गाड्यांचा वेगळा वर्ग ठेवतो, आणि शिकागोजवळ रोझमाँटला नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या मसल कार, म्हणजे अशा दणकट इंजिनाच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात धुळीसकट आणलेल्या गाड्यांभोवतीच सगळ्यात जास्त गर्दी असते. जाऊन या, मेव्हण्यांनाही न्या.

आता या शनिवारी करायचं ते एवढंच: डॅशबोर्डवरचा नंबर, फेंडर टॅग, हॉर्न, मागच्या सीटखालची जागा आणि गाडीच्या पोटाचे फोटो काढा आणि मला पाठवा. टॅग वाचून तुमच्या गाडीला मुळात काय काय बसवलं होतं ते मी कळवीन, म्हणजे मेकॅनिकशी बोलताना तुमच्या हातात यादी असेल.